पाट्यावरचा मासा

“या पाट्यावरचे खड्डे घासून तो गुळगुळीत करून द्या,” देवयानीताई म्हणाल्या.

त्यांच्या दिवाणखान्यात एका बाजूला पितळेची जुनी नर्तकी होती, दुसऱ्या बाजूला पोलादी पत्र्याचा नवा पक्षी. मधल्या रिकाम्या चौथऱ्यावर त्यांना आजेसासूबाईंचा पाटा शोभेसाठी उभा करायचा होता.

“ताई, खड्डे गेले की उरतो नुसता दगड. चाळीस वर्षं मी पाट्यांना टाकी लावत आले, पुसली कधीच नाही.”

“पण आता यावर वाटायचंय कुणाला? नुसतं बघायचंय.”

“मग बघण्यासारखा करते.”

मी छिन्नी-हातोडी काढली. त्या ‘अहो, अहो’ करेपर्यंत पहिला ठोका पडलाही होता. आईनं शिकवलेला मासा मी पाटाभर उतरवला, आणि त्याचं एकेक खवलं मिरची वाटली जाईल इतकं खोल ठेवलं.

आम्ही दोघींनी पाटा चौथऱ्यावर उभा केला. ताईंनी वरचा दिवा लावला आणि माशाच्या खवल्यांवरून बोट फिरवलं.

“त्या पक्ष्याखालच्या पट्टीवर कुणाचं नाव आहे?” मी विचारलं.

“ज्यानं घडवला, त्याचं.”

“मग इथंही पट्टी लावा. लिहून घ्या, यल्लूबाई विटकर.”