शेवटचा बाहुलीवाला

"माझ्यामागे हा खेळ संपला. पुढे कुणी नाही," म्हातारा बाहुलीवाला कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला.

काळ्या पडद्यामागे त्याच्या मुलीच्या हातातल्या दोऱ्या सैल पडल्या. राणीची मान एका बाजूला कलंडली. मुलीला वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात बाहेरून दिग्दर्शकाचा आवाज आला. "वा, बाबा. फार छान. फक्त जरा थकल्यासारखं म्हणा. आणि 'कुणी नाही' म्हणताना हातांकडे बघा."

म्हाताऱ्याने पुन्हा म्हटलं. हातांकडे बघून म्हटलं.

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी नाही? मग ही पडद्यामागे कोण उभी होती? म्हाताऱ्याचे हात कापायला लागले त्याला कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून राजा, राणी, चोर, कोतवाल, चोराची बहिरी सासू, सगळ्यांना तीच नाचवत होती आणि सगळ्यांच्या तोंडून तीच बोलत होती. म्हातारा पुढे बसून सुरुवातीचं गाणं म्हणायचा, प्रेक्षकांना दोन टोमणे मारायचा, एवढंच. ती दिवसभर शिवणयंत्रावर बसायची आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की याच जुन्या सभागृहात येऊन गल्लीतल्या मुलींना दोऱ्या धरायला शिकवायची. त्यातल्या एकीच्या हातात ती बहिरी सासू अशी काही लंगडायची, की बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची.

मुलींनाही आज यायचं होतं. पण म्हाताऱ्याने त्यांना परस्पर निरोप धाडला होता, गर्दी नको, घरीच थांबा. सकाळी तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता त्याचा अर्थ लागला, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

खरं तर मोठी आशा धरून ती दुकानाला कुलूप लावून आली होती. सभागृह पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचं नगरपालिकेने ठरवलं होतं. लोककला मंडळाने शब्द टाकला असता, तर ते वाचलं असतं. आजचं चित्रीकरण त्या मंडळाचंच होतं.

राणीला तशीच हातात धरून ती पडद्याबाहेर आली.

"बाबा, मग मी कोण?"

दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवायची खूण केली. माणूस सभ्य होता. "ताई, रागावू नका. तुमचं नाव शेवटी येईल की. मदतनीस म्हणून."

"मदतनीस कुणाची? सगळा खेळ मी करते. माझ्या हाताखाली मुली शिकतात. त्यांना घ्या ना कॅमेऱ्यात. समोरच राहतात, हाक मारली की येतील."

मंडळाचा अधिकारी इतका वेळ मागच्या खुर्चीत मोबाइल चाळत बसला होता. तो उठून पुढे आला. "शिकणाऱ्या मुली आहेत?"

"आहेत. आणखी दोघी-तिघी कधीच्या मागे लागल्यात."

तिला वाटलं, याला आनंद झाला.

"मग पंचाईत आहे," अधिकारी म्हणाला. "आमची योजना लोप पावत चाललेल्या कलांसाठी आहे. तुमची तर चांगली चालू आहे म्हणता. जे चालू आहे त्याचं आम्ही काय जतन करणार?"

ती एक पाऊल पुढे आली. "म्हणजे जिवंत आहे तोवर डोक्यावरचं छप्पर काढून घ्यायचं, आणि मेली की तिचा फोटो काढायला यायचं. याला जतन म्हणता तुम्ही?"

"नियम काही मी केलेले नाहीत, ताई." अधिकाऱ्याचा आवाज चढला नाही. "अजून काही बिघडलेलं नाही. तुम्ही पडद्यामागे जाऊन उभ्या राहा. आम्ही काही ऐकलं नाही. सभागृहाचं मी बघतो."

तिने पडद्याकडे बघितलं. छताकडे बघितलं. मुलींनी भिंतीवर खडूने काढलेला चोर ती उभी होती तिथूनही दिसत होता.

"नाही जाणार," ती म्हणाली. "बाहेरच उभी राहीन. असं घ्यायचं तर घ्या."

त्यांनी नाही घेतलं. दिवे उतरवले, वायरी गुंडाळल्या गेल्या. दिग्दर्शकाने म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. अधिकारी दारात थांबून म्हणाला, की सभागृहाचं आता बापलेकींनी आपलं आपण बघावं, मंडळाला त्यात काही करता येणार नाही. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

मुलगी बापाकडे वळली. संताप अजून तिच्या अंगात मावत नव्हता.

"ते परके, त्यांचं सोडा. पण तुम्ही? पोटच्या पोरीला 'कुणी नाही' म्हणालात, तेही दोनदा. माझं नाव घ्यायला एवढी जीभ अडखळत होती? एकदा तरी सांगून बघायचं होतं."

म्हाताऱ्याने तिच्या हातातली राणी काढून मांडीवर घेतली. तिच्या दोऱ्यांचा गुंता झाला होता. कापत्या बोटांनी तो एकेक दोरी सुटी करत राहिला. बोलतानाही त्याने मान वर केली नाही.

"सांगून बघितलं होतं," तो म्हणाला. "मागल्या वर्षी याच मंडळाचा दुसरा एक माणूस घरी आला होता. तू दुकानात होतीस. मी हौसेनं तुझं नाव सांगितलं, एकेका मुलीचं सांगितलं. तो चहा अर्धा टाकून उठला."