अडवायचा

चौकशी अधिकाऱ्याने इंग्रजीत टाइप केलेला जबाब मराठीत वाचून दाखवला : "सुपरवायझरने मला कापडाच्या गोदामात अडवलं." शिलाईवालीने सहीसाठी उचललेलं पेन खाली ठेवलं. तिच्या तीन वर्षांची घडी घालून अधिकाऱ्याने ती एका क्रियापदात कोंबली होती.

"मी 'अडवलं' म्हटलं नाही, साहेब. 'अडवायचा' म्हटलं."

"अहो ताई, भूतकाळ तो भूतकाळ. अर्थ पोचल्याशी मतलब."

"एकदाच घडल्याचा पोचला. पुन्हापुन्हा घडायचं, त्याला इंग्रजीत 'यूज्ड टू' लावतात. लेकीचा अभ्यास मीच घेते. सहावीतल्या पोरीला येतं, ते तुम्हाला येऊ नये?"

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. "लावतो. पण मग वरचे साहेब तारखा मागतील. तीन वर्षांतल्या सगळ्या तारखा पाठ आहेत तुम्हाला?"

तिने पेन त्याच्याकडे सरकवलं. आवाज संतापलेला, तरी टाक्यासारखा सरळ आला.

"ज्या दिवशी त्याने अडवलं नाही, त्या तारखा लिहून घ्या. सुट्ट्या सोडल्या तर दोनच आहेत. एकदा तो तापाने पडला होता, एकदा मी."