मधल्या खोलीतला ओळंबा

प्लेग ओसरला त्या वर्षी धारच्या जुन्या घराची दुरुस्ती मी एकटीने काढली. भावजी म्हणाले, "वहिनी, अक्षयतृतीयेपर्यंत काम पुरं झालं नाही तर घर मला द्या आणि देवासला आमच्याकडे येऊन राहा." मी कबूल केलं; काम पुरं करणारच होते, कारण मला जायचंच नव्हतं.

ठेकेदार गेंदालाल बदनावरचा. काम सुरू करण्याआधी, भिंत सरळ आहे का ते दोरीला लोंबून दाखवणाऱ्या ओळंब्याच्या पितळी गोळ्याला घरच्या सवाष्णीने कुंकू लावायचं, अशी त्याची रीत. घरात सवाष्ण नव्हती. मी विधवा, मीच लावलं.

बाकीच्या खोल्यांत ओळंबा सरळ लोंबला. मधल्या खोलीत मात्र गोळा कोपऱ्याकडे कलला आणि तसाच राहिला, दोरी कुणी ओढून धरावी तसा. भर दुपार होती. वारा नव्हता.

"बाईसाब, ये कमरा रहने दो," गेंदालाल म्हणाला. "दीवार किसके भरोसे खड़ी करूँ?"

"माझ्या," मी म्हटलं.

मी गोळा मुठीत धरून दोरी सरळ केली. कोपऱ्याकडे बघून सांगितलं, "घर माझं आहे. ओढायचंच असेल तर मला ओढ." आणि मूठ उघडली.

गोळा सरळ राहिला. गेंदालालने थापी उचलली.

तेवढ्यात माझा पदर कोपऱ्याकडे ताणला गेला. मी तो मुठीला गुंडाळला आणि सगळ्या जोराने उलट ओढला.

"बांधायला घे, गेंदालाल," मी म्हणाले.

कोपऱ्यात एक पाऊल वाजलं, माझ्याकडे ओढलं गेल्यासारखं.