वैजयंताचं बाळ

बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी औषध कंपनीचा माणूस वैजयंताच्या खाटेशी येऊन उभा राहिला. तिचा आतड्यांचा जुनाट आजार कंपनीने घडवलेल्या जंतूंनीच बरा केला होता. आता तेच जंतू बाळाच्या पोटात सापडले होते.

"ताई, या जंतूंची परवानगी फक्त तुमच्यापुरती होती. बाळाला हे औषध पाजा, सगळे जंतू मरतील."

"त्याचे स्वतःचे चांगले जंतूसुद्धा?"

"ते काय, येतात पुन्हा हळूहळू."

वैजयंताने त्याच्या हातातली बाटली घेतली आणि खाटेखालच्या बादलीत रिकामी केली.

"आईकडून मला आजार आला. माझ्याकडून याला औषध गेलं, तर तुमच्या पोटात का दुखतं?"

तिने पदर ओढून बाळाला छातीशी घेतलं.

"आता हे जंतू दुधातूनही जातील. कळवा तुमच्या साहेबांना."