उपकरण फिरवून पाहिलंस?

मुजुमदार सरांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. "आलं का गं काही?"

"आलं, सर. दिशा मिळाली," शर्वाणी म्हणाली.

ताऱ्यांकडून येणाऱ्या क्ष-किरणांची कंपनं कोणत्या दिशेला झुकतात, ते मोजणारं उपकरण या गुरुशिष्यांनी मिळून घडवलं होतं. सरांचं उभं आयुष्य त्यात गेलं होतं. आता ते अंतराळात पोहोचलं होतं.

सरांच्या ओढलेल्या चेहऱ्यावर हसू उमटलं. पण खोड जाते थोडीच! "उपकरण फिरवून पाहिलंस? दिशा जागची हलली नाही ना?"

ताऱ्याची दिशा असती, तर उपकरण कितीही फिरवलं तरी ती हलली नसती. सकाळीच शर्वाणीने पाहिलं होतं, उपकरण वळेल तशी दिशाही वळत होती. ताऱ्याचं काही दिसलंच नव्हतं. दिसला होता तो त्यांच्याच घडणीतला दोष. आणि तिथे जाऊन तो काढणार कोण?

"नाही हलली," म्हणत ती त्यांच्या पायांवरची चादर सारखी करू लागली.

सर तिच्याकडे बघत राहिले.

"सगळं शिकवलं तुला," ते पुटपुटले, "खोटं बोलणं तेवढं राहून गेलं."