बिनभुलीचं ऑपरेशन

"कोणालाही खरं वाटणार नाही, पण माझं ऑपरेशन बिनभुलीचं झालं," प्लंबर म्हणाला आणि मांडी बदलून ऐसपैस बसला. "डॉक्टरचेच हात थरथरत होते. मी म्हटलं, साहेब, घाबरू नका, मी आहे."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाहेरच्या खोलीत तिच्या दादाला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं आणि तिची बॅग त्याच्या पायाशी आणून ठेवली होती. बॅग सासूने भरली होती. बहिणीला घेऊन जा, दोन्ही मुली मात्र इथेच राहतील, हेही सासूने पाण्याचा पेला पुढे करता करताच सांगून टाकलं होतं.

भानगड एवढीच की तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. पट्टी बिचारी मुकी. गर्भ राहिला की लघवीत जे हार्मोन उतरतं, ते तिला ओळखता येतं. ते कोणामुळे उतरलं हे काही सांगता येत नाही. ते सांगायचं काम सासूने अंगावर घेतलं. नवऱ्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असताना पाळणा हलतो तो बाहेरच्या वाऱ्याने, असं ती म्हणाली. आणि अशा आवाजात म्हणाली की जिन्यावरच्या माणसाचं पाऊल थबकावं.

नवऱ्याने तोंडातून एक शब्द काढला असता तरी सगळं मिटलं असतं. पण तो गडी थापांवर पोसलेला. कोणाच्या न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त करून आला, तरी नाक्यावर पोचेपर्यंत त्याचं धरण फुटलेलं असायचं आणि ते याने एकट्याने पाठ लावून अडवलेलं असायचं. लोक पोट धरून हसायचे. इतकी वर्षं तीही हसली होती. आता तेच धरण तिच्या अंगावर आलं होतं, आणि हा काठावर बसून पाण्याची खोली सांगत होता.

तिने आधी समजुतीने घेतलं होतं. चला, तपासून घेऊ, कधी कधी फसतंही ऑपरेशन, असं म्हणून पाहिलं. माझं काम फसत नाही, तो म्हणाला. दाखला मागितला, तर तो म्हणे पाण्याच्या टाकीत पडून विरघळला. आई तिला बोल लावायला लागली, तेव्हा मात्र त्याची जीभ अशी गप्प झाली की जणू ती कधी नव्हतीच. आणि आज, तिचं घर मोडायला पंच बसले असताना, ती पुन्हा सुटली होती. राग तिच्या कानशिलांत ठणकत होता. दाराची चौकट हातात होती म्हणून, नाहीतर दुसरंच काहीतरी हातात आलं असतं.

दुसऱ्या बाळंतपणात पोट चिरावं लागलं, तेव्हा आता ऑपरेशन नवऱ्याचं करा म्हणत डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. शुक्रजंतू तयार होतात ते खाली, अंडकोषात. तिथून निघणारी नळी तिथेच, कातडीखाली कापायची. पोटाला हातसुद्धा लावायचा नाही. दाढीमिशी आणि ताकद देणारं हार्मोन त्या नळीतून जातच नाही, ते सरळ रक्तात मिसळतं. म्हणून मर्दानगी काही कमी होईल ही भीती नको, असं नवऱ्याला सांगा. तिने चित्र समोर धरलं, तर जगाचे नळ जोडणाऱ्या या माणसाने डोळे घट्ट मिटले. या पुरुषांच्या गोष्टी आहेत, म्हणाला. मग एक दिवस परस्पर जाऊन आला आणि आठवडाभर अंथरुणावर पडून सरबतं मागवत राहिला. तेव्हा तिने विश्वास ठेवला होता.

दादाने खाली बघतच, घाबरत घाबरत विचारलं, की भावोजी, नक्की झालं होतं ना ऑपरेशन?

ती दारातून पुढे आली. "अहो, कुठे कापलं ते सांगा ना दादाला."

प्लंबरने आईकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं. आईसमोर खालचं नाव घ्यायचं कसं? त्याचा हात कमरेपाशी अडखळला, तिथून वर चढला आणि बेंबीवर जाऊन थांबला.

"इथे," तो म्हणाला.

तिला किंचाळावंसं वाटलं. पण जिची बॅग भरलेली असते तिचं किंचाळणं कोण ऐकतं? तिने राग घोटासारखा गिळला आणि जावयाला आग्रह करावा इतक्या गोड आवाजात विचारलं, "आणि मग?"

एवढं पुरे झालं. धरण फुटलं. पोटात हवा भरून ते फुटबॉलसारखं टम्म फुगवलं. बेंबीतून दुर्बीण आत घातली. एक नळी सापडली, तिच्यावर रिंग चढवली. दुसरी काही केल्या सापडेना. तेव्हा यानेच कूस वळवून डॉक्टरांना वाट करून दिली. घरी आल्यावर हसायची सोय नाही, खोकायची सोय नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उजवा खांदा. कापलं पोटात आणि ठणका खांद्यात, का, तर आतली हवा वर चढलेली. रात्ररात्र भिंतीला टेकून बसावं लागलं.

सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाने मान हलवली. सासू मात्र ऐकता ऐकता ताठ होत गेली होती. तिचा डावा हात नकळत स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला होता आणि तिथेच राहिला होता.

"मेल्या," सासू म्हणाली, "तो खांदा माझा दुखत होता. हे ऑपरेशन माझं झालंय, तुझं नाही."