चढूच नाही दिलं

"माय, सीटपेक्षा जास्त तिकिटं विकली त्याइनं, मले विमानात चढूच नाही दिलं," असं प्रशिकनं बंगळुरूहून फोनवर सांगितलं, आणि इकडे धोंडबा लेकाचं तोंड न बघताच गेले. "प्रशिक आला का वं?" हे त्यांचं शेवटचं विचारणं नागपूरच्या प्रतापनगरातल्या त्या घरातून अजून गेलेलं नाही. दार वाजलं की सिंधूताईंना ते आतल्या खोलीतून स्पष्ट ऐकू येतं.

तेव्हापासून विमानतळावरच्या भांडणांचा तो टीव्हीवरचा कार्यक्रम त्या कधी चुकवत नाहीत. कुणी प्रवासी काउंटरवर रडला की यांचा पदर डोळ्यांना लागतो आणि विमान कंपन्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

आज पडद्यावर बंगळुरूचा विमानतळ होता, नागपूरचं विमान होतं आणि कोपऱ्यात तारीख होती, धोंडबा गेले त्याच दिवसाची. सिंधूताईंनी भिंतीवरचा त्यांचा फोटो काढून मांडीवर घेतला. "पाहा हो आता, आपल्या लेकराले कसं चढू नाही दिलं ते!"

काउंटरवरची मुलगी माइकवरून सांगत होती, "दोन सीट कमी पडताहेत. जे स्वतःहून उद्याच्या विमानानं जातील, त्यांना गोव्याचं तिकीट फुकट."



गर्दीतून पहिला हात प्रशिकनं वर केला, हसत हसत. आणि सिंधूताईंनी मांडीवरचा फोटो पालथा केला.